ढगे सरांचं दुसरं महायुद्ध

परभणीतलं कुणी परदेशी निघालं, की ढगे सर त्याच्या घरी पेढे घेऊन हजर. लोक बाहेरून अत्तर मागवतात, घड्याळ मागवतात. सरांचं मागणं एकच, "येताना तिथल्या शाळेतलं इतिहासाचं पुस्तक आण बाबा. दुसरं महायुद्ध असलेलं. जुनं चालंल, फाटकं चालंल, कुण्या पोरानं पुढाऱ्यांना मिशा काढलेलं तर लयच चांगलं."

सर आमच्या शाळेत इतिहास शिकवतात, मी गणित. दोन अधिक दोन परभणीत चार आणि जपानातही चार, त्यामुळे मला हा नाद सुरुवातीला कळलाच नाही. मधल्या सुट्टीत सर डबा बाजूला सारून परक्या लिपीच्या पानावर मोबाइल धरायचे. मोबाइलनं केलेलं मोडकंतोडकं मराठी वाचून एकदम ओरडायचे, "बाई, हे बघा! रशियाच्या पुस्तकात युद्ध इंग्लंडपेक्षा दोन वर्षं उशिरा सुरू व्हायलंय!"

"मग लेट फी लावा त्यांना," मी म्हणायचे. सर खळखळून हसायचे आणि पान उलटायचे.

वर्गात त्यांची पद्धत अशी, की एक बाक म्हणजे एक देश. प्रत्येक बाकानं आपापल्या पुस्तकातलं महायुद्ध सांगायचं. इंग्लंडचं बाक म्हणणार, आम्ही एकटे लढलो. लगेच मागून भारताचं बाक उठणार, "एकटे? मग आमची माणसं काय तिथं जत्रंला आली होती?" अमेरिका आणि रशिया तर दरवर्षी हातघाईवर. एकदा मी शेजारच्या वर्गात समीकरण सोडवत होते आणि भिंतीपलीकडून गलका, "बर्लिन आमी घेतलं! आमी!" हेडमास्तर धावत आले. बघतात तर दोन पोरांनी एकमेकांच्या कॉलरी धरलेल्या, आणि ढगे सर खुर्चीवर बसून कौतुकानं बघायलेत.

एक पालक तणतणत आले. "माझ्याच पोराला जर्मनी काहून दिलं?"

"हुशार हाय म्हणून," सर शांतपणे म्हणाले. "आपण काय वाईट केलं, ते त्यांच्या पुस्तकात पानोपानी लिहिलंय. चारचौघांत उभं राहून ते वाचायला छाती लागते. ऐऱ्यागैऱ्याला मी जर्मनी देत न्हाई."

पालक खुशीत घरी गेले. मी मात्र मनातल्या मनात सरांना हात जोडले. इतकी वर्षं पोरं शिकवली, पण असं काही मला कधी सुचलं नसतं.

आता त्रासही होता म्हणा. सासूबाईंशी माझं वाजलं की मी स्टाफरूममध्ये जरा मन मोकळं करायला जावं, तर सर विचारणार, "त्यांच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"त्यांच्या पुस्तकात मीच शत्रुराष्ट्र आहे!" मी डबा आपटला. पण घरी जाऊन विचारलंच. कळलं ते असं, की म्हातारी रोज माझ्यासाठी जेवायची थांबायची आणि मी बाहेरून खाऊन यायचे. मग काय, दुसऱ्या दिवसापासून बाहेरचं खाणं बंद.

फक्त एका बाबतीत सरांकडे एकाच बाजूचं पुस्तक होतं. त्यांचा धाकटा भाऊ उत्तम पेडगावला शेती करतो. आई गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद. सर सांगायचे, "मी आईला परभणीच्या दवाखान्यात आणलं, होते नव्हते तेवढे उपाय केले. आणि हा सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणला, दादानं आईला मारलं." दरवेळी हेच, ह्याच शब्दांत. पोळ्याला आधी हमखास गावी जाणारा माणूस त्या दिवशी घरात नुसता येरझाऱ्या घालायचा. भावावाचून तो आतून वाळत चालला होता, आणि ते आम्हाला दिसायचं.

गेल्या वर्षी सरांनी वर्गाला गृहपाठ दिला, "ज्या घराशी तुमच्या घराचं बोलणं बंद हाय, तिथं जा. भांडणाची त्यांची बाजू लिहून आणा. त्यांच्याच शब्दांत."

अगं माय! गावभर बोभाटा झाला. एक पोरगी चुलतीच्या दारात जाऊन म्हणाली, "काकू, आपलं भांडण तुमच्याकडं कसं सांगतेत?" काकूंनी आधी दार लावलं, मग उघडलं, मग दिवस मावळेपर्यंत सांगितलं, वर जेवू घालून पाठवलं. त्या पोरीनं दुसऱ्या दिवशी सगळं वर्गात वाचलं आणि अगदी भोळेपणानं विचारलं, "सर, तुमचं कुठाय?"

सर तडक स्टाफरूममध्ये आले आणि मला म्हणाले, "बाई, रविवारी पेडगावला येता का? एकट्यानं माझा पाय उचलायचा न्हाई."

गेलो पॅसेंजरनं. सगळ्या जगाची युद्धं तोंडपाठ असलेला माणूस, पण खिडकीशी घाम पुसत बसलेला. "हाकलून दिलं तर वो?"

"तर परत येऊ. गाड्या काय कमी आहेत?"

उत्तमराव ओसरीत होते. सरांना बघून त्यांनी मान फिरवली. सर सरळ त्यांच्यापुढं जमिनीवर बसले. "उत्तम, मी माझं सांगायला आलो न्हाई. आईचं काय झालं, ते तू सांग. मी ऐकतो."

 मग उत्तमराव बोलायला लागले ते थांबेचनात. "आई म्हणायली, मला घरी ने, माझ्या चुलीपाशी ने. तू नळ्या लावून ठेवलंस. मी जीप घेऊन आलो, तर तू दवाखान्याच्या दारात आडवा उभा राहिलास. माझ्या हातचं घोटभर पाणी भेटलं न्हाई रे तिला, दादा." धिप्पाड माणूस, पण लेकरासारखा रडायला लागला.

मला वाटलं, आता सर डॉक्टरांचं सांगणार, उपायांचं सांगणार.

सर म्हणाले, "मलाबी म्हणायची ती. रोज म्हणायची, घरी ने. मी मोठा ना, मला वाटलं मी वाचवीन. हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. तुझं खरं हाय, उत्तम."

उत्तमरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. आत गेले, खुर्ची घेऊन आले आणि सरांपुढं ठेवली. "उठ, वर बस. गुडघे दुखतेत ना तुझे."

सरांच्या गुडघ्यांनी दगा दिला तो अलीकडं. बोलणं तर त्याच्या कितीतरी आधीच बंद झालेलं. म्हणजे हा माणूस इकडून तिकडून भावाची खबर काढतच होता! मला रडू आवरेना, मी पदर तोंडाला लावला.

सर काही उठेनात. शेवटी धाकटाच त्यांच्याशेजारी खाली बसला.