कमळबाईंचा नोंदणीकृत आवाज

पहिला अल्बम कलाकाराच्या खोलीतून निघतो. दुसरा मात्र मुळांतून काढावा लागतो, असा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या धंद्यात अलिखित नियम आहे. निमेश वेसावकरचा पहिला अल्बम त्याच्या मित्रांनी ऐकला, आणि मैत्री टिकावी म्हणून कुणी मत दिलं नाही. दुसऱ्याच्या वेळी त्याने मुळं शोधायला घेतली, तेव्हा ती स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसलेली आढळली.

ती म्हणजे त्याची आई कमळ. अंधेरीच्या मासळीबाजारात ती तीस वर्षं बांगडे विकत होती. निमेशने चार दिवस सकाळी तिच्या टोपलीशेजारी माइक धरला. 'ये बाय, ताजा बांगडा!' ही तिची हाक त्याने कापली, ताणली, तिच्याखाली दणदणीत ठोका घातला, आणि अल्बम प्रसिद्ध केला. तो झकास चालला. समीक्षकांना त्यात मातीचा वास आला. मासळीचा कुणालाच आला नाही.

बाजाराला लागून पस्तीस मजली टॉवर आहे. तिथल्या रहिवाशांनी तो अल्बम शनिवारी गच्चीवर वाजवून नाच केला, आणि सोमवारी, तीच हाक खालून रोज सकाळी ऐकू येते म्हणून तक्रार केली.

महापालिकेच्या ध्वनी विभागाचे काशीराम तांबे फाइल घेऊन आले.

"बाई, ही हाक तुमची?"

"मंग कुनाची?"

"संगीत कंपनीची. अल्बमसोबत तिची नोंदणी झालीय. तुम्ही इथे रोज विनापरवाना सार्वजनिक कार्यक्रम करताय."

"अरं, पन आवाज माझा हाय!"

"तसा दावा असेल तर मूळ ध्वनीशी जुळवून दाखवा."

चाचणी झाली. कंपनीतर्फे ऋतिका आली. कमळने पोटातून हाक दिली. ऋतिकाने मान हलवली. "काकू, ओरिजिनलमध्ये तुम्ही जास्त अस्सल वाटता." अहवालात लिहिलं गेलं: सदर महिलेचा आवाज सदर महिलेच्या आवाजाशी एकोणसाठ टक्के जुळतो, सबब ती नक्कल समजावी.

हाकेवर बंदी आली. शेजारी बसणाऱ्या सुगंधाबाईंचे बोंबील हातोहात जायचे. कमळचे बांगडे बर्फात डोळे उघडे ठेवून पडून राहायचे. तिसऱ्या दिवशी तिने भरली टोपली लेकापुढे आदळली.

"माझा घसा विकून आलास. आता खा, किती खातोस ते!"

निमेशचं तोंड उतरलं. त्याने ऋतिकाला फोन लावला. "आईची हाक परत दे ना, यार."

"सही तूच केलीस ना? 'सर्व हाका, कायमस्वरूपी.'"

दुसऱ्या दिवशी शरमेने तो बाजारात आईशेजारी टोपलीपाशी बसला. तेवढ्यात टॉवरमधली दीप्ती कानांना हेडफोन लावून आली. तिचे डोळे पाणावले होते.

"काकू, तुमची हाक ऐकली की मला आपला बाजार आठवतो."

"मंग घे गो दोन वाटे," कमळ हळूच म्हणाली.

"नाही हो, मी ॲपवरून मागवते. इथे फार वास येतो."

चार दिवस कोंडलेला घसा सुटला. दीप्ती, तिचं ॲप आणि तिच्या टॉवरचे पस्तीस मजले, कमळने एकेक करून सगळ्यांचा उद्धार केला. बाजार थांबून ऐकत राहिला. काशीराम धावत आले. कंपनीच्या नोंदणीकृत हाकांची यादी तपासली गेली. अल्बममध्ये एकही शिवी नव्हती; ब्रँडला चालणार नाहीत म्हणून निमेशने सगळ्या कापल्या होत्या. सबब शिव्यांना परवाना लागत नाही, असा शेरा पडला.

तेव्हापासून कमळ शिव्या देऊनच बांगडे विकते. नवाच्या आत टोपली रिकामी होते. मुलुंड-बोरिवलीहून माणसं येतात.

गेल्या रविवारी तुम्हीही आला होतात. मोबाइल समोर धरून "काकू, अजून एक!" म्हणालात, आणि तिने दिलेली शिवी हसत हसत स्टेटसला लावलीत. एकच खुलासा करायचा होता. इतरांना ती देते ती धंद्यासाठी. तुम्हाला दिली ती मनापासून होती. तुम्ही बांगडा घेतला नव्हता.