बारा वर्षांचं शास्त्र

धोंडभटजींबरोबर बैलगाडीतून कधी जाऊ नये. मी एकदा गेलो होतो, राहुरीहून देवळाली प्रवऱ्याला. उत्तरेकडे डोकं करून झोपू नये असं शास्त्र आहे, आणि गाडीत बसल्या बसल्या भटजींना झोप येते. रस्ता काही शास्त्राला विचारून वळत नाही. कालव्याजवळ गाडी वळली की भटजी दचकून उठायचे, सूर्य कुठं आहे ते बघायचे आणि डोकं पायांच्या जागी नेऊन पुन्हा आडवे व्हायचे. पाय अर्थातच माझ्या मांडीवर. पुढं ओढ्याशी वळण, पुन्हा तोच प्रकार. शेवटी गाडीवान म्हणाला, "भटजी, तुमी बसूनच ऱ्हावा की! गाडी हालतीया, बैल बुजत्यात." भटजी तोवर घोरायला लागले होते.

मी शाळामास्तर. त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच, त्यामुळे पळून जाणार कुठं? त्यात मी पडलो अर्थ लावणारा. एखादा नियम कानावर आला की तो कुणी, कशासाठी केला असेल हे शोधायची मला खोड. भटजींना त्याचाच तिटकारा. "मास्तर, लिहिलंय तसं करावं. अर्थ लावणारे आपण कोण?" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

जेवताना मौन, हा त्यांचा एक नियम. एकदा ते जेवत असताना बोका आला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दुधाचं पातेलं चाटून पुसून गेला. भटजी बघत बसले. आचवल्यावर त्यांची थोरली बहीण अक्का कडाडली, "अरे, निदान शुक् तरी करायचं!" भटजी शांतपणे म्हणाले, "बोक्याचा अपवाद लिहिलेला नाही."

बेचाळीसच्या धरपकडीत फौजदार चौकशीला आला. अतिथी देवासमान, म्हणून भटजींनी त्याला पाटावर बसवलं, त्याचे बूट काढायला लावले, पाय धुतले, गंध लावलं, आणि पूजेला आरंभ केला. फौजदार घामाघूम. ओल्या पायांनीच बूट चढवून बिचारा चालता झाला. "नैवेद्य राहिला हो!" म्हणत भटजी त्याच्या मागे वेशीपर्यंत गेले. आम्ही हसलो खरे, पण अशा माणसाच्या शेजारी रोज राहायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्यांचा एकुलता एक मुलगा वामन. लढाईच्या दिवसांत तो पलटणीत कारकून म्हणून भरती झाला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जायला निघाला. घरात त्याची बायको सुमन, विशीही न गाठलेली, आणि अक्का. निघायच्या आदल्या दिवशी भटजी माझ्याकडे आले. "मास्तर, तुमच्या नकाशात बघून सांगा. वाटेत समुद्र ओलांडावा लागतो का?" मी म्हटलं, "आसामातून जमिनीनं जाता येतं." त्यांचा चेहरा उजळला. "मग जाऊ दे. शास्त्राची हरकत नाही."

वामन परत आला नाही. लढाई संपल्यावर त्याच्याबरोबरचा सखाराम आला, आमच्याच गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. भटजींच्या ओसरीवर तो मान खाली घालून बसला. मीही तिथंच होतो.

"भटजी, या डोळ्यांनी पाह्यलं. नदीत होडी उलटली. आमी भाईर निघालो. वामनराव वर आलंच न्हाईत."

"बुडताना पाहिलंस?"

"व्हय."

"मेलेला पाहिलास?"

सखाराम गोंधळला. "पानी लई हुतं, भटजी. त्यात काय गावतंय?"

"मग तो बेपत्ता," भटजी म्हणाले. "बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी, मगच क्रियाकर्म. लिहिलंय तसं. तोवर सूतक नाही, तेरावं नाही. जा बाळ, पाय धू. अक्का ताक देईल."

दुसऱ्या दिवशी सुमन आडावर आली ती कपाळावर कुंकू घेऊनच. बायका घागरी उचलून बाजूला झाल्या. गाव म्हणालं, भटजींना वेड लागलं. भाऊबंद येऊन ओसरीवर भांडले. "साक्षीदार आहे, सगळं आहे. गवताचा पुतळा करा, अग्नी द्या, मोकळे व्हा. विधवेला कुंकू लावून मिरवता? घराण्याला बट्टा!" भटजींचं उत्तर एकच, "लिहिलंय तसं." गाव म्हणू लागलं, ज्याच्या घरात सूतक दाबलंय त्याच्या हातून पूजा कोण करून घेणार? लोकांनी त्यांना बोलावणं सोडलं. दिवाळी आली तर यांनी सुमनला करंज्या करायला लावल्या आणि ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असं बसून खाल्ल्या. पोरगा गेला आणि बाप करंज्या खातोय! मलाही बघवेना. माझं डोकंच फिरलं.

मी गेलो आणि सगळं बोललो. "भटजी, जरा अर्थ बघा. बारा वर्षं कशाला सांगितली? तेव्हा टपाल नव्हतं, तार नव्हती, माणूस काशीला गेला की वर्षानुवर्षं पत्ता नसायचा. इथं ज्यानं डोळ्यांनी पाहिलं तो घरी येऊन सांगून गेला. नियमाचा हेतू संपला. अक्षराला किती दिवस कवटाळून बसणार?"

एरवी मला मध्येच तोडणारे भटजी त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमचा अर्थ बरोबर आहे."

मी पडायचाच बाकी राहिलो.

"बरोबर आहे, मास्तर. पण तो अर्थ लावला की उद्या माझ्या दारात न्हावी येतो."

आत अक्का तांदूळ निवडत होती. लाल आलवण, केस काढलेलं डोकं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिचा हात थांबला.

"हिचा नवरा पटकीनं गेला तेव्हा ही तेरा वर्षांची," भटजी हळू आवाजात म्हणाले. "हिला न्हाव्यापुढं बसवली. मी लहान होतो, हिच्या परकराला धरून ओरडत होतो. वडील म्हणाले, लिहिलंय तसं. त्यांच्यापुढं कोण बोलणार? मी तेव्हापासून पोथ्या उलटतोय. एवढ्या पोथ्यांत माझ्या कामाचं हे एकच सापडलं. बारा वर्षं. भाऊबंदांना हे खोडता येत नाही, कारण ते लिहिलेलं आहे. तोवर सुमन पुण्याला जाऊन शिकेल, तुमच्यासारखी शाळेत लागेल. मग न्हाव्याला कुणी बोलावलं, तरी तो जाणार कुणाच्या दारात?"

 आयुष्यभर अर्थ लावत बसलेलो मी, आणि एवढा साधा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता.

"आणि वामन?" मी कसंबसं विचारलं.

"वामन गेला हो, मास्तर." त्यांनी जानव्याची गाठ बोटात धरली. "सखारामनं मान वर केली नाही, तेव्हाच समजलं. पण रडायची सोय नाही. बाप रडला की सूतक आलं, सूतक आलं की पुढचं सगळं आलं. करंजी घशाखाली उतरत नव्हती, पाणी पिऊन ढकलली. अक्कापुढं रडता येत नाही, सुमनपुढं तर नाहीच. ती पोर अजून दाराकडं बघते."

मग त्यांनी संकोचून विचारलं, "रविवारी शाळा रिकामी असते ना? दुपारी तासभर किल्ली द्याल?"

रविवारी मी कुलूप काढून दिलं. ते आत गेले, दार लोटून घेतलं. मी पायरीवर बसलो. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. म्हाताऱ्या माणसाचं रडणं ऐकायला फार वाईट, कान झाकावेसे वाटतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन जाणारा एक जण रस्त्यात थबकला.

"मास्तर, आत कोन रडतंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "तू जा आपला."