पुढे धावणारा राखणदार

एका जंगलात, बाळांनो, थंडी अशी पडे की तिथलं तळं गोठून काच होई. मग तिथले प्राणी वाकड्या काठ्या घेऊन बर्फावर घसरत आणि एक काळी चकती एकमेकांच्या जाळ्यात मारत. याला ते हॉकी म्हणत. जिंकलं की अध्यक्ष वाघाचा सत्कार होई. हरलं की प्रशिक्षक बदले.

प्रशिक्षक होतं एक अस्वल. दगडोबा त्याचं नाव. स्वभावाने फार चांगला. फक्त वाघ समोर आला की त्याची मतं बदलत.

दगडोबाच्या संघात ढोलाजी नावाचा याक राखणदार होता. राखणदाराने मागे थांबून आपलं जाळं सांभाळायचं असतं. ढोलाजी जाळ्यापुढे उभा राहिला की चकतीला वाटच सापडत नसे. पण झाडांवरची वानरं ओरडायची, "हा खेळतोय की रवंथ करतोय?"

वाघालाही कंटाळा आला. तो म्हणाला, "मागून सुसाट पुढे जाऊन गोल करील असा राखणदार आणा."

दगडोबा शोधत शोधत शेजारच्या जंगलात गेला. तिथे झिपरू नावाचं एक तरुण पाणमांजर होतं. होता राखणदारच, पण चकती मिळाली की असा निसटायचा की समोरच्यांच्या काठ्या एकमेकांत अडकायच्या. बघता बघता दगडोबा खुदकन हसला. खेळ बघताना हसू येतं, हे तो विसरूनच गेला होता. त्याने ढोलाजी दिला आणि झिपरूला घेतलं.

ढोलाजीला हे निघायच्या सकाळी कळलं. "बरं," एवढंच तो म्हणाला आणि चालू लागला.

पहिल्याच सामन्यात झिपरूने दोन गोल केले. तो पुढे गेलेला असताना मागे एक गोल झाला. संघ जिंकला. वानरांनी शेपट्या उडवल्या. पण वाघ म्हणाला, "अदलाबदल फायद्याची झाली की तोट्याची? तज्ज्ञांकडून तपासून घ्या."

तज्ज्ञ म्हणजे घुबड. ते आपल्या जाळ्यामागच्या फांदीवर बसलं. घुबडाची मान चहूकडे फिरते, बाळांनो. पण तज्ज्ञ झाल्यावर ती फिरवत नाहीत.

"राखणदार जागेवर सापडत नाही," घुबडाने सांगितलं.

"पण गोल केले ना त्याने?" दगडोबा म्हणाला.

"ते पलीकडे झाले. मी अलीकडचा तज्ज्ञ आहे."

वाघाने दगडोबाकडे पाहिलं. "याला तुम्हीच निवडलंत ना?"

"निवडला म्हणजे... सुधारायला आणलाय, महाराज."

दुसऱ्या दिवशी दगडोबाने जाळ्यापुढे नखाने एक रेघ ओढली. "याच्या पुढे जायचं नाही."

"मग मला आणलं कशाला, काका?" झिपरूने विचारलं.

"राखण करायला."

"ते तर ढोलाजीकाका माझ्यापेक्षा चांगलं करायचे."

दगडोबा ओरडला, "उलट बोलू नकोस!"

झिपरू त्या जंगलात नवा होता. त्याला तिथे राहायचं होतं. तो रेघेमागे उभा राहिला. अंगाने हलका असल्यामुळे लांडगे त्याला खांद्याने बाजूला सारत आणि गोल करत. कधी समोर मोकळी वाट दिसे. झिपरूचे पाय शिवशिवत. मग तो रेघेकडे बघे. ती वाट काठावरून दगडोबालाही दिसे. तो दुसरीकडे बघे.

संघ हरू लागला.

"आता जागेवर सापडतो," घुबड म्हणालं. "ही प्रगती आहे. पण जागेवर त्याचा उपयोग नाही."

"ढोलाजी कुठाय? आमचा ढोलाजी द्या!" वानरं ओरडली.

"याला गोल करायला आणला होता," वाघ गुरगुरला. "कुठायत गोल?"

गोल रेघेमागे अडकलेत, हे दगडोबाला ठाऊक होतं. तो म्हणाला, "पोरात जिद्दच नाही, महाराज."

झिपरू जवळच बर्फ झटकत बसला होता. त्याने एकदा दगडोबाकडे पाहिलं. मग काठी उचलली.

त्याला डोंगरापलीकडच्या जंगलात पाठवलं. बदल्यात एक रानडुक्कर आलं, ते जाळ्यापुढे झोपू शके. पलीकडच्या संघाची प्रशिक्षक एक म्हातारी सांबरीण होती. तिने झिपरूला विचारलं, "तुला काय येतं रे?"

"पुढे जाता येतं."

"मग जा की. मागचं आम्ही बघू."

हिवाळा सरता सरता याच दोन संघांची गाठ पडली. झिपरूने पहिला गोल केला. दुसरा केला. तिसऱ्या वेळी तो तिघांच्या मधून असा सळसळत गेला की रानडुक्कर उभ्या उभ्या गरकन फिरलं. काठावर दगडोबाचे दोन्ही पंजे आपोआप एकमेकांवर आपटले. टाळी वाजली.

वाघाने मान वळवली.

दगडोबा पंजे चोळू लागला. "थंडी फार आहे, महाराज."

"मी म्हटलंच होतं," फांदीवरून घुबड म्हणालं, "हा जागेवर सापडत नाही."

वाघाने कौतुकाने घुबडाकडे पाहिलं आणि त्याला आजन्म तज्ज्ञ नेमलं.

तात्पर्य: धावणाऱ्याला आधी नीट बांधून ठेवावं आणि मगच त्याचा वेग मोजावा. मोजणारा कधीही चुकत नाही.