साळवेकाकांचा स्टँड

साळवेकाकांनी लावलेलं झाकण साळवेकाकांशिवाय कुणाला उघडता येत नाही. खडकीतल्या आमच्या सोसायटीत हे सगळ्यांना माहीत आहे. साळवेकाकू वरून लोणच्याची बरणी पाठवतात तेव्हा माझी मावशी आधी विचारते, "झाकण कुणी लावलंय?" काकांनी लावलेलं असेल तर बरणी तशीच परत वर जाते, काका ती उघडून देतात आणि मग आम्ही जेवायला बसतो.

एकदा सोसायटीचा गळका नळ काकांनी 'जरासा' आवळला. दुसऱ्या दिवशी पाणी भरायला गेलेल्या माणसाच्या हातात नळाचा दांडाच आला. काका खाली येऊन बघून म्हणाले, "नळ हलका आहे. माझा हात नाही."

काकांचा जन्म फॅक्टरीत गेला. बाकीच्यांनी आवळलेले नट नीट बसलेत का, हे तपासायचं त्यांचं काम. रिटायर झाले तरी लोक पेन ठेवतात त्या खिशात काका छोटा पान्हा ठेवतात. लग्नाला गेले तर आधी खुर्ची उलटी करून बघतात. ओळखीचे लोक त्यांना लांबूनच हात जोडून 'जय भीम' करतात, हात मिळवायला कुणी पुढे येत नाही. आणि काहीही आवळून झालं की काका एक पाऊल मागे सरकून म्हणतात, "सुटणार नाही."

मी गावाकडून मावशीकडे शिकायला आले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे शहरात कुणाशी काय बोलावं हे मला अजूनही पटकन सुचत नाही. कॉलेज हडपसरला. साळवेकाकांची मुलगी सुजाताताई तिथेच एका आयटी कंपनीत होती. काका तिला रोज त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीतून सोडायला जायचे. मावशीने विचारल्यावर मला मागच्या सीटवर जागा मिळाली. गावी फोनवर सांगितलं तर वडील म्हणाले, "गाडीतनं जातीस? नशीब हाय तुझं. पाय पुसून बसत जा."

मी पाय पुसून, गप्प बसायचे. पुढे ते दोघं बोलायचे. म्हणजे काका बोलायचे आणि ताई हसायची. मला आधी नवल वाटायचं, कारण घरी या माणसाच्या तोंडून चार शब्द निघत नसत. काकू म्हणायच्या, "यांचं तोंड पण यांनीच लावलंय, म्हणून उघडत नाही." ताई घरी आली की जेवून खोलीत जायची, कामाचे फोन चालू. बापलेकीची भेट व्हायची ती गाडीतच.

त्यातही काकांची आवडती जागा म्हणजे घोरपडीचं रेल्वे फाटक. फाटक पडलं की सगळे हॉर्न वाजवतात, रेल्वेला शिव्या देतात. काका गाडी बंद करायचे, सीट मागे सरकवायचे आणि एखादी गोष्ट काढायचे. फाटक उघडं मिळालं, तर त्यांचा चेहरा उतरायचा.

मग कंपनीने ताईला लॅपटॉप दिला आणि पाठोपाठ कंपनीची बसही सुरू झाली. ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायची. काकांनी ब्रेक मारला की तो घसरायचा, आणि हडपसर येईपर्यंत तिची मान आखडायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी बसनेच जाऊ का? तिथे सीटला टेबल आहे. पोचायच्या आत निम्मं काम होईल."

काकांनी तिच्या मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघितलं. मग म्हणाले, "टेबलच पाहिजे ना? मला एक आठवडा दे."

त्या आठवड्यात सोसायटीला दुसरा विषय नव्हता. काकांनी गाडीतली डावी सीट काढून पार्किंगमध्ये ठेवली आणि तिच्याभोवती फिरू लागले. बाजारात असा स्टँड तयार मिळतो, असं कुणीतरी सांगितलं. काका म्हणाले, "मिळत असेल. तो आवळलाय कुणी?"

पहिला स्टँड पाण्याच्या पाइपचा झाला. त्यावर लॅपटॉपऐवजी वीट ठेवून काकांनी गाडी गेटपर्यंत नेली. वीट काकांच्या पायावर पडली. दुसऱ्याला वर पोळपाट होता. त्या दिवशी मी काही द्यायला वर गेले तर काकू हातावर भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "पोळ्या नाहीत आज. पोळपाट ऑफिसला गेलाय." पोळपाट गोल, लॅपटॉप चौकोनी, वळणावर तो खिडकीतून बाहेर बघायला लागायचा. पोळपाट परत आला, पण मधोमध भोक पडून.

तिसरा मात्र जमला. काकांनी जुन्या बाजारातून मोडक्या स्टँड-पंख्याची दांडी आणली. तिचं खालचं टोक लोखंडी पट्टीने सीटच्याच बोल्टमध्ये धरलं. वर प्लायवूडची फळी, फळीवर सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि लॅपटॉप बांधायला काकूंच्या बिघडलेल्या बीपी मशिनचा पट्टा. फळी हवी तशी वरखाली करायला पंख्याचाच नट होता, दोन कानांचा, हाताने फिरणारा. काकांनी तो आवळला, मागे सरकले आणि म्हणाले, "सुटणार नाही." सगळी सोसायटी उभी होती. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ताईने लॅपटॉप लावला. गाडी खड्ड्यांतून गेली, गतिरोधकांवरून गेली, लॅपटॉप जागचा हलला नाही. "बाबा, भारी झालंय हं," ताई म्हणाली. काकांची मान ताठ झाली.

ताई काम करू लागली.

घोरपडीचं फाटक पडलेलं होतं. काकांनी गाडी बंद केली, सीट मागे सरकवली. "अगं, फॅक्टरीत आमच्याकडे एक डिसूझा होता. त्याने बदक पाळलं होतं. ते बदक रोज सकाळी–"

"बाबा, एक मिनिट."

काका थांबले. टकटक आवाज चालू राहिला. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्यांनी हॉर्न वाजवले. ते एक मिनिट हडपसरपर्यंत संपलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कामाचं काम होतं, ताईची काही चूक नव्हती. ती एकदा म्हणालीसुद्धा, "रेखा, बघ ना, आता बसची गरजच नाही." काका समोर रस्त्याकडे बघत होते. बदकाचं पुढे काय झालं, ते मलाही विचारता आलं नाही. त्या दोघांच्या मध्ये मी कशी बोलणार?

पुढच्या आठवड्यात मी सकाळी जरा लवकर खाली गेले आणि मागे जाऊन बसले. ताई यायची होती. काका डाव्या दारातून आत वाकले होते. त्यांनी तो दोन कानांचा नट धरला आणि उलटा फिरवला. थोडासाच. मग वर बघितलं तर मी.

"रस्ता खराब आहे गं," काका म्हणाले.

गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

होळकर पुलापाशी फळी हळूहळू मान टाकायला लागली. ताईने दोनदा वर केली, शेवटी लॅपटॉप मिटून बॅगेत टाकला. "काय हो बाबा, तुमचा नट सुटला?" ती हसून म्हणाली. "सुटला," काका म्हणाले. मग त्यांनी तिला तिच्या मैत्रिणीच्या लग्नाचं विचारलं, साहेब अजून ओरडतो का ते विचारलं. फाटक उघडं होतं, तरी काका खुशीत होते.

मग हे रोजचंच झालं. काकांचा नट सुटतो ही बातमी सोसायटीत पसरायला वेळ लागला नाही. पुण्यातले लोक अशा वेळी मोठ्याने हसत नाहीत, नम्रपणे विचारतात. "काय साळवे, ऐकलं ते खरं का? नटही रिटायर झाला म्हणे?" पहिल्या मजल्यावरचे जोशीकाका तर म्हणाले, "आता आमची बरणी उघडेल म्हणायची." ज्या माणसाने प्लंबरसमोरसुद्धा हार मानली नव्हती, तो खिशातला पान्हा चाचपत म्हणायचा, "होतं असं. वय झालं."

मला खरं काय ते माहीत होतं. पण ते सांगितलं असतं, तर काकांचं काय राहिलं असतं?

महिना संपला तशी ताई एकदा उतरताना म्हणाली, "बाबा, उद्यापासून बसने जाते. स्टँड टिकत नाहीये आणि माझं काम फार साचतंय. तुमचीही दगदग वाचेल." किती हळू आवाजात म्हणाली ती. काका म्हणाले, "बरोबर आहे."

परतीच्या वाटेवर काकांनी ते फाटक कसं ओलांडलं असेल, हे माझ्या मनात दिवसभर येत होतं.

मीही मग सिटी बसने जाऊ लागले. पुढे काकूंनी लोणचं पाठवलं. मावशीने सवयीने विचारलं, "झाकण कुणी लावलंय?" मी म्हटलं, "काकांनीच." मावशी बरणी वर पाठवणार, तेवढ्यात तिचा हात लागला आणि झाकण सहज फिरलं. "अगंबाई," ती म्हणाली, "हे तर लावलेलंच नव्हतं."

मी बरणी हातात घेतली. झाकण लावलं, ओढणीने धरून आवळलं, दात-ओठ खाऊन पुन्हा आवळलं, आणि बरणी घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. काका गाडीत बसलेले होते, दार उघडं. डाव्या सीटवर स्टँड तसाच होता.

"काका, उघडत नाहीये."

काकांनी झाकणावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. कुठला नट कुणी आवळलाय, हे त्यांनी जन्मभर ओळखलं होतं.

"हे मी लावलेलं नाही," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. काकांनी झाकण उघडून बरणी मला दिली. मग हात लांब करून स्टँडची फळी बाजूला वळवली आणि डाव्या सीटवरची धूळ रुमालाने झटकली.

मी पाय पुसून बसले. काय बोलावं ते नेहमीसारखंच सुचत नव्हतं. शेवटी विचारलं, "काका, ते बदक रोज सकाळी काय करायचं?"

गाडी बंद होती. समोर पार्किंगची भिंत होती. काकांनी सीट मागे सरकवली.

"तर तो डिसूझा," ते म्हणाले.