घरात कुणीच बोलेना

सोनाजीने सकाळी अंगणातून चहासाठी हाक मारली आणि तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. पुन्हा मारली. आता फुटक्या ताशासारखं काहीतरी आलं. तो उभ्या जागी गार पडला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशात कॅन्सर निघाला होता. औरंगाबादला राहून किरणांचा शेक घेतला, गळ्याची कातडी काळी पडली, घास उतरेना झाला. पण आवाज राहिला आणि माणूसही राहिला. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "आवाज बसला तर लगेच या." लगेच जायचं म्हणजे खरं काय ते कळणार, आणि सोनाजीला ते कळून घ्यायचं नव्हतं. त्याने ठरवलं, बोलायचंच नाही.

पहिला तडाखा सुनेला बसला. "मामा, भाकर वाढू?" करुणाने विचारलं. सोनाजीने नुसती मान हलवली. आदल्या दिवशी पिठल्यात मीठ जास्त पडलं होतं. करुणाने डोळ्यांना पदर लावला. तिच्या नवऱ्याला, भीमराजला वाटलं, आपण ऐन कामात मित्राच्या लग्नाला हिंगोलीला गेलो, शेतातली वाळली हळद घासायचा ढोल धुरळा खात म्हाताऱ्या आईबापाला फिरवावा लागला, बाबांचा राग त्याचाच. आईला, पद्माबाईला विचारावं, तर तीही बोलेना. तिने हातानंच त्याला वाटेला लावलं.

तीन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. शेवटी भीमराजने औंढ्याहून आत्याला आणलं. सोनाजीची ही थोरली बहीण, जनकाबाई, जयभीमसुद्धा न करता ओट्यावर बसली.

"या वयात भांडून राहिले तुमी? दोघं बोलल्याबिगर मी पाण्याला शिवणार न्हाई."

उन्हातून आलेली, साखरेची बिमारी असलेली बाई. दुपार कलली तसे तिचे हात कापू लागले. सोनाजीला राहवेना.

"अक्का, पाणी पी."

तो फुटका आवाज साऱ्या घराने ऐकला. भीमराजच्या हातून तांब्या निसटला.

"कवापासून?" मागून कुणीतरी विचारलं. तसाच आवाज, तितकाच फुटका. सगळ्यांनी वळून पाहिलं. पद्माबाई विचारत होती.

सोनाजी बायकोकडे बघतच राहिला. "तुह्या आवाजाला काय झालं?"

"तुमी काहून लपवलं ते आधी सांगा."

"मला वाटलं, आलं ते परत."

"अन् मला वाटलं, तुमचं मला लागलं."

आजारपणात लोकांनी सोनाजीची कपबशी वेगळी काढली, तेव्हा हीच बाई सगळ्यांदेखत त्याच्या ताटात जेवायला बसली होती.

"तुमाला कळलं असतं, तर सोताला बोल लावत बसले असते," ती म्हणाली. "म्हणून गप राहिले."

"अरे, दोघांच्या नरड्यात हळद गेली, हळद!" जनकाबाई ओरडली आणि घटाघटा पाणी प्याली. करुणा हसली, भीमराज हसला. सोनाजीला हसू येईना. पद्माच्या घशात हळद असेल. आपल्या?

दुसऱ्या दिवशी दोघं औरंगाबादला गेली. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून बराच वेळ पाहिलं. पद्माबाईने नवऱ्याचा पंजा घट्ट धरला होता.

"धुळीने सूज आलीय. या खेपेला काही नाही."

'या खेपेला' एवढंच सोनाजीला नीट ऐकू आलं. डॉक्टरांनी पद्माबाईचाही घसा तपासला आणि दोघांना गोळ्या देऊन बजावलं, "आठवडाभर बोलणं बंद. कुजबुजसुद्धा नको." दोघांनी शहाण्या लेकरांसारखी मान डोलावली.

परतीची एसटी औरंगाबादबाहेर पडली.

"पद्मे," सोनाजी हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेला निघालं तर?"

"तर आधी मला सांगा."

"लई भेव वाटते गं." दोन वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला होता.

"मलाबी वाटते," ती म्हणाली. "रोजच वाटते."

मग तो काय काय सांगत सुटला, ती काय काय सांगत सुटली. हिंगोली आली तेव्हा दोघांचाही आवाज पार गेला होता.