बैठकीला तीन मध्यस्थ

प्रकरण चौथे. (पहिली तीन मार्गदर्शकांच्या टेबलावर अडकली आहेत.)

उदगीरच्या घरी जेवताना मंजुश्रीने वडिलांना आपला प्रबंध समजावून सांगितला, तिथून सगळं सुरू झालं. पेशीच्या दारावर रिसेप्टर टायरोसिन कायनेज असतं. बाहेरून ‘वाढ’ असा निरोप आला की ते जागं होतं. आत रॅफ, मेक आणि अर्क ही तीन प्रथिनं तो निरोप हातोहात पुढे नेतात. पण तिघंही पेशीभर भटकत असतात. त्यांना एका जागी धरणारं प्रथिन म्हणजे स्कॅफोल्ड.

“आन् ते सोता काय करतंय?” सिद्रामप्पांनी विचारलं.

“काहीच न्हाई, आप्पा. नुसतं बैठकीला बसवतंय.”

“म्हंजी आपला संगमेश.”

संगमेश म्हणजे मंजुश्रीचा मामा, तिच्या सोयरिकीतला मध्यस्थ. लातूरचा अमरेश आणि ती एकमेकांना केव्हाच पसंत होते. आता मुलाचे वडील, आप्पा आणि तारीख काढणारे स्वामी एका बैठकीला बसले की झालं. घाई एवढ्यासाठी, की अमरेशसाठी निलंग्याचंही स्थळ आलं होतं आणि त्यांची बैठक पुढच्या रविवारी होती.

प्रकरण सहावे. (पाचवं सुरू होताच आप्पा लवंडले.)

सिद्रामप्पांचं आडत दुकान. पोतं एका हमालाला हललं नाही तर ते दुसरा लावत. काहीच न करणारा माणूस एवढा कामाचा, तर एकच कशाला? त्यांनी चुलतभाऊ वीरेशलाही मध्यस्थ केलं. मंजुश्रीच्या आई नागम्मांनी आपल्या नळेगावच्या मेहुण्यांना.

बैठक आपल्याच घरी व्हावी हा मध्यस्थाचा मान. निलंगेकरांच्या आधीच्या रविवारी संगमेशमामांनी मुलाच्या वडिलांना लातुरात आपल्या घरी बसवलं. वीरेशकाकांनी स्वामींना उदगिरात बसवलं. आप्पांना मेहुणे नळेगावला घेऊन गेले. तिन्ही घरी सतरंजी, तिन्ही घरी पोहे, आणि तिन्ही घरांतून एकच फोन: आमच्याकडचे बसलेत, तुमच्याकडचे धाडा.

प्रकरण पाचवे.

मंजुश्रीने नळेगावला फोन लावला. “आप्पा, स्कॅफोल्ड जादा झाले की निरोप पोचतच न्हाई. एकाजवळ रॅफ बसतोय, दुसऱ्याजवळ मेक.”

पलीकडे पोहे चावण्याचा आवाज थांबला.

“हे अगुदर सांगायचं का न्हाई?”

“सांगत होते. तुमी झोपलाव.”

इकडे वीरेशकाका मुलाच्या वडिलांना ओढून आणायला लातूरला गेले. ते हलेनात. मामा सोडेनात. भांडता भांडता काकांची नजर मामांच्या मुलावर पडली. नोकरी विचारली, पगार विचारला. काकांना मुलगी होतीच. दोन मध्यस्थांचं तिथेच जमलं. मंजुश्रीचा विषय निघालाच नाही.

निष्कर्ष.

शनिवारी त्यांच्या मुलांचा साखरपुडा. मंजुश्री निलंगेकरांच्या उद्याच्या बैठकीचा विचार करत गव्हाच्या गोड हुग्गीच्या बादलीकडे बघत बसली. पंगतीला गर्दी झालेली. वाढपी वैतागून म्हणाला, “मालक, सरका की जरा. तिघं बसतेत तिथं.”

आप्पा सरकले. पलीकडे स्वामी बसले. अलीकडे अमरेशचे वडील.

हुग्गी संपायच्या आत तारीख निघाली.

लग्नात तिन्ही मध्यस्थांना टॉवेल-टोपीचा आहेर झाला. वाढपी तेव्हा पुढच्या पंगतीत लोकांना सरकवत होता.