शेवंताबाईंचा रवंथ

एका जंगलात, बाळांनो, कुणालाच वेळ नव्हता.

म्हणजे तसा भरपूर होता. जंगलात दुसरं असतं काय? पण ‘मला वेळ आहे’ म्हणायची सगळ्यांना लाज वाटायची. ससा दिवसभर धावायचा. कुठे ते त्याला विचारू नका, त्यालाही माहीत नव्हतं. माकड या झाडावरून त्या झाडावर जायचं आणि काहीतरी राहिलं म्हणून परत यायचं. वाटेत भेटले की एकमेकांना विचारायचे, “काय, गडबडीत?” मग “हो ना, जरासुद्धा उसंत नाही,” असं सांगताना चेहऱ्यावर असं तेज चढायचं, जसं काही वर्गात पहिले आलेत.

या जंगलात शेवंताबाई नावाची म्हैस राहायची. तिची लेक बकुळ अजून दुधावरच होती. शेवंताबाई सकाळी पोटभर चरायच्या आणि दुपारी तळ्यात मानेपर्यंत बसून रवंथ करायच्या. डोळे अर्धे मिटलेले, जबडा सावकाश चाललेला. मला कुणाच्या दारात डोकावायची सवय नाही, पण तळं रस्त्यालाच लागून. दिसायचंच.

काठावर टिटवीवहिनी राहायच्या. पान पडलं की ओरडायचं, हे त्यांचं काम. पडलं नाही तर का पडलं नाही म्हणून ओरडायचं.

“बरं आहे बाई तुमचं,” एका दुपारी वहिनी म्हणाल्या. “आम्हाला मेलं बसायला जमतच नाही. बसलं की कसंतरीच होतं.”

“मी रवंथ करतेय, वहिनी.”

“तेच ते. खाल्लेलंच पुन्हा खायचं. एकदा गिळलं, विषय संपला. आमच्यात नाही असं.”

“तुमच्यात दूध पण नाही.”

“राग नका मानू. लोक बघतात, म्हणून सांगते. परवा हरणाची सासू विचारत होती, शेवंता आजारी आहे का?”

झालं. हे मात्र शेवंताबाईंना लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी बसेनात. तळ्यातलं गवत उपटून तोंडात धरायचं, या काठावरून त्या काठावर न्यायचं. तिकडे कुणाला ते नको असायचं, म्हणून परत इकडे आणायचं. ससा वाटेत थांबून म्हणाला, “वा काकू, आता कशा कामाला लागलात.” शेवंताबाईंना बरं वाटलं. पोटाला मात्र बरं वाटेना.

म्हशीचं पोट, बाळांनो, फार जुन्या वळणाचं. त्याला निवांतपणा लागतो. घाईत गिळलेला चारा नुसता पडून राहिला. पोट फुगलं. आणि चौथ्या दिवशी बकुळने कासेला तोंड लावलं, ढुशा दिल्या, पुन्हा दिल्या. दूध आलं नाही.

“आई, तू कुठे गेली होतीस?” बकुळने विचारलं.

“इथेच होते गं.”

“मग दूध?”

दोन दिवसांत बकुळच्या बरगड्या दिसायला लागल्या. शेवंताबाई घाबरून बगळ्याकडे गेल्या. बगळेवैद्य एका पायावर उभे राहून तपासतात, दुसरा पाय फीसारखा पोटाशी धरलेला असतो.

“बसा. आणि चघळा,” वैद्य म्हणाले.

“औषध नाही का काही? कडू असलं तरी चालेल.”

“हेच औषध.”

“पण लोक काय म्हणतील?”

“लोक बकुळला दूध देतायत का?”

शेवंताबाई तळ्यात जाऊन बसल्या. तेवढ्यात कुणाचं तरी पाऊल वाजलं. त्या धडपडत उठल्या आणि उगीचच गवत झटकायला लागल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. बसण्यात त्या जितक्या दमल्या, तितक्या चालूनही दमल्या नव्हत्या.

शेवटी त्यांनी ठरवलं, थेट सिंहमहाराजांकडूनच परवानगी आणायची. राजाने हो म्हटलं की टिटवीवहिनींचं तोंड बंद. बकुळला घेऊन त्या गुहेपाशी गेल्या. दारात कोल्होबा उभे.

“महाराज चिंतनात आहेत,” कोल्होबा हळूच म्हणाले.

आतून घोरण्याचा आवाज आला.

“कधीपासून?”

“कालपासून.”

“हे घोरतायत ना?”

“चिंतन खोल गेलंय.”

“मग मी काय करू? पोर उपाशी आहे हो माझी.”

“थांबा. पण आवाज करू नका. महाराज उठले तर आधी माझी हजेरी घेतील.”

शेवंताबाई थांबल्या. गुहेच्या आत गारवा होता. त्या दमलेल्याच होत्या, दोन पावलं आत सरकल्या आणि महाराजांच्या शेजारीच खाली बसल्या. कोल्होबांना त्यांना हुसकवायचं होतं, पण म्हशीला हुसकवायचं तर ओरडावं लागतं. ते नुसते हातवारे करत राहिले. आणि शेवंताबाईंचा जबडा, कुणालाही न विचारता, आपोआप हलायला लागला.

आता तुम्ही विचाराल, सिंहाने तिला खाल्लं कसं नाही? अरे, खायला उठावं लागतं.

शेवंताबाई रोज दुपारी तिथेच यायला लागल्या. सिंह घोरायचा, त्या रवंथ करायच्या. तिसऱ्या दिवशी बकुळने ढुशी दिली आणि तिच्या ओठांच्या कडेने पांढरा फेस आला. शेवंताबाईंनी डोळे मिटून तिची पाठ चाटली, चाटतच राहिल्या.

टिटवीवहिनी नेमक्या तिकडून चालल्या होत्या. राजाच्या गुहेत, राजाच्या शेजारी, अर्धे डोळे मिटून बसलेली शेवंता बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

“काय चाललंय हो?” त्यांनी कोल्होबांना विचारलं.

कोल्होबांनी आत बघितलं. म्हैस कशी बसू दिली, हे उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार केला.

“राज्यकारभारावर सल्लामसलत,” ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या जंगलात झाली. ससा वाकून नमस्कार करायला लागला. हरणाची सासू म्हणाली, शेवंता पहिल्यापासूनच विचारी. आणि टिटवीवहिनी, घसा बसलेला, पाय दुखत असलेले, गुहेबाहेर उभ्या राहून कोल्होबांना विचारत होत्या, “आत अजून एखाद्या सल्लागाराची जागा आहे का हो?”

तात्पर्य : बाळांनो, दमल्यावर विश्रांती घेण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. फक्त ती घेताना शेजारी कोण घोरतंय, तेवढं बघून घ्यावं.